दारातली सही

तिला सगळे अळीबाई म्हणत. तोंडावर नव्हे. तोंडावर "या ताई, आज लवकर?" असं गोड बोलत आणि आत वळून दबक्या आवाजात, "आली गं ती अळीबाई, पिंपावर झाकण टाक आधी!" झाकण आदळल्याचा आवाज बाहेर स्वच्छ ऐकू यायचा. बावीस वर्षं ऐकू येत होता. घरातल्या माणसांना आपलं दार फार जाड वाटतं, एवढंच.

आरोग्य खात्याची नोकरी. काम एकच, घरोघरी जाऊन साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधायच्या. अंगात राखाडी कोट, खांद्याला पिशवी, पिशवीत बॅटरी, खडू, रजिस्टर आणि लांब दांड्याचं स्टीलचं ओगराळं. प्रत्येक घराच्या दारामागे खिळ्याला एक पिवळं कार्ड टांगलेलं. दर आठवड्याला घर बघायचं, कार्डावर तारीख घालायची, 'अळी आहे' किंवा 'अळी नाही' लिहायचं आणि सही ठोकायची. 'अळी आहे' लिहिलं की त्या घराला नोटीस जायची. मग अळीबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

तिला त्याचं काही नव्हतं. उलट कुणी गोड बोललं की तिला संशय यायचा. तिची जीभ म्हणजे कात्री. एका निवृत्त हेडमास्तरांनी तिला दारातच सुनावलं होतं, "आमचं शिकलेल्यांचं घर आहे. इथे कसल्या अळ्या?" ती आत शिरली, दिवाणखान्यात काचेच्या भांड्यात फुलं तरंगत ठेवली होती त्यात ओगराळं बुडवलं आणि त्यांच्या नाकाखाली धरलं. "हे घ्या सर, तुमचा वर्ग. सगळे हजर आहेत." हेडमास्तरांनी तिच्याविरुद्ध तीन पानी तक्रार लिहिली. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती, अळ्यांचा मात्र उल्लेखच नव्हता.

लोक कुत्री सोडत. आजारपणाची सोंगं काढत. सगळ्यात आवडतं कारण म्हणजे, "बाळ झोपलंय हो, नंतर या." त्यावर हिचं उत्तर ठरलेलं. "बाळ झोपलंय म्हणूनच बघायचंय. जागं माणूस हात तरी मारतं, बाळ काय करणार?" आणि चपला काढून सरळ आत. मोरी, माळा, कुंडीखालच्या ताटल्या, कूलर, गच्चीवरचे टायर. जिथे वाटीभर पाणी आठ दिवस टिकेल तिथे ती पोचणारच. लोक म्हणत, डास परवडला.

खात्यात एक वाईट खोड होती. त्या खोडीला सगळे 'दारातली सही' म्हणत. घरवाल्याला भांडायचा कंटाळा, तपासणाऱ्याला जिने चढायचा कंटाळा. मग घरवाल्याने दार फटभर उघडून कार्ड बाहेर द्यायचं, याने भिंतीला टेकवून 'अळी नाही' लिहायचं, सलाम-दुआ आणि पुढचं घर. खात्यातले निम्मे लोक असंच पोट भरत होते. अळीबाईने त्यातल्या एकाला, मिशांमुळे ज्याला सगळे हवालदार म्हणत त्याला, रंगेहाथ पकडून साहेबांपुढे उभा केला होता. त्याची बदली औषधांच्या गोदामात झाली. जाताना तो म्हणाला, "एक दिवस तुलाही असं दार भेटेल बाई, की आत जाववणार नाही."

"माझी सही तुझ्यासारखी रस्त्यावर पडलेली नाही," ती म्हणाली.

ते दार तिला भेटलं आणि ते तिच्या स्वतःच्या लेकीच्या सासरचं होतं.

लेक एकुलती एक. नवरा लवकर गेलेला, त्यामुळे त्या पोरीवर सगळा जीव. तिने आपल्या पसंतीने लग्न केलं. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, फक्त त्या घरात विहीणबाई होत्या. विहीणबाई घरातच शिवणाचे वर्ग चालवायच्या आणि त्यांना स्वच्छतेचं वेड होतं. फरशीवर कुणाचा पाय उमटला तर तो माणूस घरात असतानाच पुसायच्या. लग्न ठरताना त्या कुणाला तरी म्हणाल्या होत्या, "मुलगी छान आहे. आई दुसऱ्यांच्या मोऱ्यांत डोकावते, पण चालायचंच." हे 'चालायचंच' अळीबाईच्या कानावर आलं आणि तिथेच रुतून बसलं.

लेकीला मुलगी झाली. अळीबाई दवाखान्यात नातीला पहिल्यांदा बघून आली आणि त्या दिवशी तिने कुणालाच नोटीस दिली नाही. असा तो आनंद! पण तो बारा दिवसच टिकला.

लेकीची इमारत तिच्याच भागात होती, तपासणीचा दिवस मंगळवार. बाळ बारा दिवसांचं असताना ती रोजच्यासारखी कोट घालून, ओगराळं हातात घेऊन विहीणबाईंच्या घरी गेली. त्याआधी ती शेजारच्या इमारतीची तळघरातली टाकी तपासून आली होती. हात ओले, चपलांना चिखल. आत शिवणाच्या वर्गाच्या आठ-दहा बायका मशीनवर बसलेल्या. ती तशीच तरातरा बाळाच्या खोलीकडे निघाली. विहीणबाई आडव्या आल्या.

"ते गटाराचं ओगराळं घेऊन बाळाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आधी हातपाय धुवा."

आता खरं सांगायचं तर यात चुकीचं काय होतं? दुसऱ्या कुठल्या घरात बारा दिवसांच्या बाळाजवळ कुणी असं जाऊ लागलं असतं तर हिनेच त्याला हाताला धरून मोरी दाखवली असती. पण आठ-दहा मशिनी एकदम थांबल्या होत्या. सगळ्या बायका टकमक बघत होत्या. अळीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हा डास गटारात राहत नाही, विहीणबाई. याला तुमच्यासारखी स्वच्छ घरंच लागतात."

"आमच्या घरात डास नाहीत. बाहेरून कुणी घेऊन आलं तर माहीत नाही."

एक बाई फिसकन हसली. तेवढ्यात लेक खोलीच्या दारात आली, डोळ्यांवर झोप, केस विस्कटलेले. "आई, धू ना हात. काय होतंय?" ती म्हणाली. बस्स, एवढंच. पण अळीबाईला वाटलं, झालं, माझी पोरही त्यांच्याच बाजूची झाली. तिने ओगराळं पिशवीत खुपसलं. "या उंबऱ्याच्या आत मी आता पाय टाकणार नाही. बोलवायला याल तेव्हाच येईन." विहीणबाई म्हणाल्या, "बरं." आणि ती जिन्यात पोचायच्या आत फरशी पुसायला घेतली.

पुढच्या मंगळवारी ती त्या दाराशी आली. बेल वाजवली. दार वीतभर उघडलं आणि त्या फटीतून पिवळं कार्ड धरलेला एक हात बाहेर आला. चेहरा नाही, आवाज नाही, नुसतं कार्ड.

अळीबाई त्या कार्डाकडे बघत राहिली. आतून बाळाचा रडण्याचा आवाज येत होता, मांजरीच्या पिल्लासारखा बारीक. दाराला एक धक्का मारला असता तर काम झालं असतं. गावभरच्या दारांना तिने धक्के मारले होते. पण इथे धक्का मारायचा म्हणजे स्वतःचे शब्द गिळायचे. तिने मनाशी म्हटलं, बाई इतकी स्वच्छ आहे, हिच्या घरात काय निघणार? एकदाच. तिने कार्ड भिंतीला टेकवलं, तारीख घातली, 'अळी नाही' लिहिलं, सही केली. हात कार्ड घेऊन आत गेला. दार लागलं.

त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. दोघींनी एक शब्द न बोलता हा करार केला होता आणि दोघी तो इमानेइतबारे पाळत होत्या. दुश्मनीत एवढं एकमत कुणाचं झालं नसेल.

लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. सकाळच्या त्या वेळेला ती बाळाला घेऊन आतल्या खोलीत पडलेली असायची. रात्रभराची जागरणं, बेल वाजली की तिला वाटायचं आई आली, बघून गेली. एकदा तिने फोन केला.

"आई, घरात येऊन जातेस आणि नातीकडे ढुंकूनही बघत नाहीस. इतका राग?"

"कामाच्या वेळी काम," अळीबाई म्हणाली.

"बरं, एक सांग. डॉक्टर म्हणाल्या, इतक्या लहान बाळाला डासांचं मलम लावायचं नाही. दोन महिन्यांची होईपर्यंत नुसती जाळी आणि अंगभर कपडे. पण दिवसा जाळीत तिला इतकं उकडतं गं, रडून लाल होते. दिवसा काढली तर चालेल?"

"खुळी आहेस का? हे डास दिवसाच चावतात. सकाळी आणि दिवस कलताना तर अजिबात काढू नकोस."

"पण आपल्या घरात नाहीत ना? तू दर मंगळवारी बघतेस ना?"

अळीबाईने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मग अळीबाई म्हणाली, "बघते."

बावीस वर्षांत लोकांनी तिला शेकडो थापा मारल्या होत्या. तिने मारलेली ही एक.

त्याच आठवड्यात त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोघं जण डेंग्यूने आजारी पडले. तिने स्वतःच्या हाताने रजिस्टरमध्ये नोंद केली. वरचं घर कोपरा न कोपरा तपासलं, गच्चीवरचा फुटका हौद उपसायला लावला, त्या लोकांशी कचाकचा भांडली. मग एक मजला खाली उतरून लेकीच्या दाराची बेल वाजवली. फटीतून हात आला. त्या दिवशी पेन जरा अडखळलं. पण सही झाली. सातवी.

शुक्रवारी सकाळी ती एका घराच्या माळ्यावर वाकलेली असताना जावयाचा फोन आला. बाळाला ताप होता. जेमतेम दोन महिन्यांचं बाळ, डॉक्टरांनी लगेच भरती करून घेतलं होतं. ती शिडीवरून कशी उतरली, तिलाच आठवत नाही. ओगराळं तिथेच माळ्यावर राहिलं.

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये एक लांब बाक होतं. एका टोकाला विहीणबाई, दुसऱ्या टोकाला अळीबाई. मध्ये चार माणसं बसतील एवढी जागा आणि कुणी बसत नव्हतं. काचेपलीकडे बाळाच्या एवढ्याशा हाताला सुई लावलेली. घोट्यावर आणि गालावर चाव्यांचे लाल ठिपके. अळीबाईने ते ठिपके लांबूनच मोजले. सहा होते.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "डेंग्यूच आहे. प्लेटलेट्स कमी आहेत, पुढचे दोन-तीन दिवस नाजूक आहेत. घरात डास आहेत का?"

"नाही," लेक ताडकन म्हणाली. "माझी आई खात्यात आहे. दर आठवड्याला स्वतः घर बघते. कार्ड आहे दारामागे."

विहीणबाई खाली मान घालून फरशीकडे बघायला लागल्या. अळीबाई उठली, जावयाच्या हातातून किल्ली घेतली आणि चालू पडली. मागे विहीणबाईंच्या चपलांचा आवाज येत होता. साऱ्या रस्त्याने दोघी दहा पावलांच्या अंतराने चालल्या.

घर उघडलं. या वेळी तिने चपला काढल्या, हात धुतले, पाय धुतले आणि बॅटरी घेतली. मोरी कोरडी. कुंड्या कोरड्या. खिडकीतल्या बाटल्यांत वेल, पण पाणी कालच बदललेलं. विहीणबाई एकेका ठिकाणी हाताची घडी घालून उभ्या, जणू म्हणत होत्या, बघा, शोधा. बाळाच्या खोलीच्या दाराला लागूनच पॅसेजमध्ये जुना फ्रिज होता. अळीबाईने तो भिंतीपासून ओढला आणि मागे वाकून उजेड टाकला. मोटरच्या वरच्या ताटलीत बोटभर पाणी साठलं होतं. नितळ, स्वच्छ पाणी. उजेड पडताच वरच्या वर लटकलेल्या अळ्या वळवळत खाली गेल्या. पाण्यावर रिकामी टरफलं तरंगत होती, म्हणजे कित्येक डास उडूनही गेले होते. बाळाचा पाळणा तिथून चार पावलांवर.

"हे बघा!" ती अशी किंचाळली की खालच्या दुकानदाराने वर मान केली. "या इकडे! हे तुमचं आरशासारखं घर! फरशी पुसता ना दिवसातून चार वेळा? हे कोण पुसणार होतं?"

"फ्रिजच्या मागे ताटली असते हे मला काय माहीत?" विहीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माहीत नाही तर माणसाला आत घ्यायचं! दार उघडायचं! कार्ड कसलं काढता फटीतून, भीक घातल्यासारखं?"

विहीणबाई वळल्या. दारामागचं कार्ड खिळ्यावरून काढलं आणि अळीबाईच्या डोळ्यांसमोर धरलं. "वाचा. सात तारखा आहेत. सात वेळा 'अळी नाही'. अक्षर कुणाचं?"

"तुम्हीच दार..."

"मी दार उघडलं नाही, कबूल. मी अडाणी आहे, मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं ना? साऱ्या गावाची दारं ढकलून आत शिरता. माझ्याच दाराला कसा धक्का मारला नाहीत हो? सातातून एकदा तरी? मी वाट बघत होते. वाटायचं, आज ढकलेल ही बाई, आज भांडेल. एकदा ढकललं असतंत तर मी काय तलवार घेऊन उभी होते?"

अळीबाई फ्रिजमागे वाकली. तिने ती ताटली उचलली, गच्चीवर नेली आणि तापलेल्या सिमेंटवर ओतली. अळ्या वाळेपर्यंत तिथेच उन्हात उभी राहिली. खाली आली तेव्हा विहीणबाई फ्रिज ओढून ओढून त्यामागची भिंत घासत होत्या आणि रडत होत्या.

दवाखान्यात परत आल्यावर लेकीने विचारलं, "सापडलं काही?"

"फ्रिजच्या मागच्या ताटलीत," विहीणबाई म्हणाल्या. पुढे त्या बोलल्या नाहीत. त्यांच्या हातात ते कार्ड तसंच होतं. त्यांनी ते बोलून टाकलं असतं तर अळीबाईला सोपं गेलं असतं, मग तिला भांडता आलं असतं. पण आज बाईने तोंडाला कुलूप घातलं होतं.

"म्हणजे तू सात वेळा बघितलंस आणि तुला दिसलं नाही?" लेक म्हणाली. "तुला? तुला तर अंधारात दिसतात ना गं?"

आता 'नजरचूक झाली' असं म्हणता येत होतं. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला, लेकीने मान्य केलं असतं. बावीस वर्षांत माणूस एकदा चुकू शकतं. अळीबाईने बाकाची कड घट्ट धरली.

"मी बघितलंच नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. दारातून सही करून गेले."

लेक तिच्याकडे बघत राहिली.

"मंगळवारी तू गेलीस की मी उठून कार्ड बघायचे," ती हळू म्हणाली. "तू फोनवर नको म्हणालीस, पण तिला फार उकडायचं. तुझी सही बघायचे आणि दिवसा जाळी वर करायचे."

एवढं बोलून ती काचेच्या आत गेली.

बाळ वाचलं. पाचव्या दिवशी प्लेटलेट्स चढल्या, आठव्या दिवशी घरी सोडलं. सगळे म्हणाले, नशीब थोर. अळीबाईने रजिस्टर उघडून सातही नोंदींवर लाल काट मारली, समोर लिहिलं 'घर पाहिले नाही' आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन आपटलं. साहेब म्हणाले, "कशाला उकरता? कोण वाचतंय?" त्यांना तिने जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिला पंधरा दिवस गोदामात बसवलं. हवालदार समोरच्या स्टुलावर होता. तो नुसती मिशी चोळत राहिला. त्याचाही तिला राग आला.

पंधरा दिवसांनी मंगळवार आला. तिने बेल वाजवली. दार सताड उघडलं गेलं. विहीणबाई बाजूला झाल्या आणि मोरीकडे बोट दाखवलं. अळीबाईने हातपाय धुतले. मग तिने ते घर तपासलं, तासभर, फ्रिज ओढून, पलंग सरकवून, पाळण्याखाली आडवी पडून. विहीणबाई मागेमागे बॅटरी धरून होत्या. कुठे काही नव्हतं. तिने कार्ड घेतलं, तारीख घातली, 'अळी नाही' लिहिलं, खाली सही केली आणि लेकीपुढे धरलं.

लेकीने कार्ड घेतलं आणि न वाचता खिळ्याला अडकवलं. मग विहीणबाईंच्या हातून बॅटरी घेऊन ती स्वतः फ्रिजमागे वाकली, मोरीत गेली, खिडकीतली एकेक बाटली उजेडात धरून बघून आली. परत आल्यावर पाळण्यावरची जाळी खाली सोडली आणि चारही बाजूंनी गादीखाली नीट खोचली. आत नात हातपाय हलवत होती. अळीबाईने बोट जाळीपर्यंत नेलं होतं, ते तिने मागे घेतलं.

"झालं असेल तर दार ओढून घे, आई," लेक म्हणाली.